आधी दावा, मग खोलतो

भूपालआण्णा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी साताऱ्याला लेकीकडे होते आणि ओट्याशी उभी राहून दोडक्याच्या शिरा काढत होते. फोन आमच्या सुभेदारांचा होता... सुभेदार म्हणजे माझे यजमान. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, तरी पलूसमध्ये त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही, मग मी तरी कशाला मारू? फोनवर ते नेहमी हुकूम सोडल्यासारखे बोलतात. त्या दिवशी आवाज खाली होता. म्हणाले, "भूपाल गेला." आणि मी दोडका तसाच हातात धरून विचारलं, "आता कुणाच्या गाडीतनं?"

मला हसू नका. पलूसमधल्या कोणालाही ही बातमी याच शब्दांत सांगितली असती तर त्यानं हेच विचारलं असतं. भूपालआण्णा सतत कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून गेलेले असायचे. विट्याला गेले, कराडला गेले, एकदा तर सकाळी दुकानासमोर उभ्या असलेल्या गाडीत बसले ते संध्याकाळी पाचगणीहून फोन केला की गाडीची तक्रार घाटातच दिसते म्हणून इथवर आलोय, जेवायची वाट बघू नका. सुभेदार म्हणाले, "अगं, गेला." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

भूपाल मगदूम. पलूसला स्टँडच्या मागच्या बोळात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. इंजिनाला ते हात लावायचे नाहीत. दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ, बॅटरी... जिथं वीज वाहते तेवढंच त्यांचं राज्य. दुकानात ते एकटेच. हाताखाली माणूस ठेवला तर तो घाईनं बॉनेट उघडेल अशी त्यांना धास्ती. कारण आण्णांकडे गाडी नेली की पहिलं बॉनेट उघडायचं नाही, पहिलं स्टूल पुढे यायचं. तुम्ही बसायचं आणि काय होतंय ते सांगायचं. ते दोनशे पानी वहीत लिहून घ्यायचे. कवा हुतं? कुठं हुतं? गाडीत कोण कोण असतं? ऊन असतं का पाऊस? आणि सगळं लिहून झालं की वही मिटून म्हणायचे, "आता दावा." म्हणजे दाखवा. आधी दावा, मग खोलतो. सांगलीचे एक वकील पहिल्यांदा आले तेव्हा हे ऐकून चक्रावले. म्हणाले, "अहो, दावा लावायचं काम माझं. तुम्ही कुणावर लावताय?" आण्णा शांतपणे म्हणाले, "गाडीवर. पण पुरावा बघितल्याबिगर न्हाई."

माझी त्यांची ओळख झाली ती हॉर्नमुळे. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते आणि आम्ही एक जुनी गाडी घेतली होती. ती मी चालवत असले की अधूनमधून डावीकडे वळताना तिचा हॉर्न आपोआप वाजायचा. पहिल्यांदा वाजला तो शाळेच्या फाटकात. तपासणीला आलेले शिक्षण खात्याचे साहेब फाईल छातीशी धरून पुढे चालले होते, मी गाडी आत वळवली आणि त्यांच्या पाठीशी जो भोंगा सुरू झाला तो थांबेचना. साहेब फायलीसकट गटारात. वर आल्यावर ते मला म्हणाले, "बाई, हॉर्न आपोआप वाजत नसतो." हे वाक्य मी पुढे महिनाभर ऐकलं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, म्याडम, तुमचा अंगठा लागत असंल, आणि तरी हॉर्न बदलून दिला. नवा हॉर्न जुन्यापेक्षा दुप्पट मोठा निघाला. दुसऱ्यानं बॅटरी बदलली. आणि आमच्या सुभेदारांनी स्वतः गाडी चालवून बघितली, गावातली यच्चयावत डावी वळणं घेतली, हॉर्न हूं की चूं करेना. घरी येऊन त्यांनी निकाल दिला, "वहम है. कुछ नहीं. तुझ्या मनाचा वहम." मी नववीच्या वर्गाला विद्युत परिपथ शिकवायचे हो, पण माझ्याच गाडीचा परिपथ कोणाला माझ्यावर विश्वास ठेवू देईना.

आण्णांनी मात्र माझं सगळं लिहून घेतलं. साहेबांनी कुठल्या हातात फाईल धरली होती तेसुद्धा. मग म्हणाले, "चला बाई, दावा." मी गाडी चालवायला बसले, ते शेजारी. निघताना पद्माक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, खिडकीतून डबा आत दिला. आण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम, आणि तपासाला किती वेळ लागेल ते गाडीच्या हातात. आम्ही पलूसला डावीकडून वेढा घातला. डावं वळण, पुन्हा डावं, पुन्हा डावं. आण्णा मांडीवर डबा उघडून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खातायत, वळण आलं की डबा एका हातानं सावरतायत, आणि कान सगळे हॉर्नकडे. तिसऱ्या फेरीला पानटपरीवरची माणसं उभी राहून बघायला लागली. चौथ्या फेरीला त्यातल्या एकानं हात केला. हॉर्न काही वाजला नाही. मी रडायच्या बेतात आले. म्हटलं, "आण्णा, राहू द्या. वहमच असेल."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "बाई, आज झालं न्हाई म्हंजे तुमचं खोटं ठरत न्हाई. त्या दिवशी हुतं आन् आज न्हाई, असं कायतरी हाय. आज सकाळी गाडी कुणी आणली माझ्याकडं?" मी म्हटलं, सुभेदारांनी. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग स्टिअरिंगकडे बघितलं. सुभेदार सहा फुटी. मी त्यांच्या खांद्याला लागते. "रोज तुमी बसल्यावर हे स्टिअरिंग जरा खाली करून घेता का?" मी म्हटलं, हो, घेते, आज गडबडीत राहिलं. त्यांनी खटका ओढून ते खाली केलं. "आता घ्या डावीकडं."

नेमकं ते वळण बस्तीसमोरचं होतं. बस्ती म्हणजे जैन मंदिर. मुनिमहाराज आले होते, रस्त्याच्या कडेला मांडव, पन्नास-साठ माणसं, आणि सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी वळले, आणि माझा दुप्पट मोठा हॉर्न सुरू झाला. सगळा मांडव मागे वळून बघू लागला. मी घामाघूम होऊन गाडी थांबवली, तरी वाजतोच आहे. आणि आण्णा? ते दार उघडून खाली उतरले आणि दोन्ही हात वर करून भर रस्त्यात ओरडले, "खरं हाय! बाई, तुमचं शंभर टक्के खरं हाय!" हॉर्न बंद करायचं त्यांना सुचेचना, ते कान देऊन ऐकत होते. डबा देऊन परस्पर इथे आलेल्या पद्माक्का पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर कपाळाच्याही खाली ओढला. शेवटी आण्णांनी फ्यूज उपटला, मांडवाकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "महाराज, माफी असावी. पण ह्या बाई महिनाभर हे सांगत हुत्या."

दोष दहा मिनिटांचा होता. स्टिअरिंगच्या आत हॉर्नच्या वायरीची सालटी निघाली होती, ते खाली केलं आणि डावीकडे फिरवलं की वायर लोखंडाला टेकायची. चिकटपट्टी गुंडाळायच्या आधी त्यांनी सुभेदारांना बोलावून घेतलं, खाली केलेल्या स्टिअरिंगमागे गुडघे पोटाशी घेऊन बसवलं आणि डावीकडे फिरवायला लावलं. हॉर्न वाजला. सुभेदार उतरले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "मान गये." मला नाही म्हणाले, आण्णांना म्हणाले. पण मी ते माझ्याकडे घेतलं. लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली होती. तोवर माझ्या कुठल्या म्हणण्यासाठी कोणी दोन तास गाडीत बसून राहिलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरी त्यांचं येणं-जाणं सुरू झालं, आणि ते आले की सुभेदार एकच फर्माईश करायचे, विट्याची गोष्ट. विट्याचे एक गृहस्थ तिकडे दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान चालवत. जत्रेला गावी आले ते नवीकोरी गाडी घेऊन. गाडी अंगणात उभी, सगळे घरात, आणि दिवसातून दोन-चार वेळा तिची चारही कुलपं आपोआप उघडायची. ठक्! कोणी जवळ नाही, काही नाही. पुन्हा लावली की थोड्या वेळानं पुन्हा ठक्. जिथून गाडी घेतली त्यांनी कॉम्प्युटर लावून बघितला, सगळं ठीक म्हणून सांगितलं. घरात कुजबुज सुरू झाली. त्या गृहस्थांच्या आईनं तर देवऋषी ठरवून टाकला, लिंबं आणली, कोंबडा सांगितला. अशा वेळी आण्णा वही घेऊन पोचले. आता 'दावा' म्हटल्यावर गाडी कधी दाखवणार? मग आण्णा पडवीत घोंगडीवर बसले ते दोन दिवस बसले. दर ठक्‌ला वहीत वेळ, आणि घरातलं कोण कुठे काय करतंय ते. सूनबाई पाटावर धुणं धुतीय, मुलगा अंघोळीला, आजी पान कुटतीय. सूनबाई चुलीपाशी, मुलगा बाहेर, आजी पान कुटतीय...

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा उठले आणि आजींसमोर जाऊन बसले. "आजी, पान कुटा की." आजी म्हणाल्या, "आत्ताच खाल्लंय रं." "माझ्यासाठी कुटा." आजींनी खलबत्ता मांडीशी घेतला, पुढे वाकल्या, कुटायला लागल्या, आणि अंगणात ठक्! आण्णा म्हणाले, "परत कुटा." ठक्! "आजी, कमरंला काय हाय?" आजींनी चंची काढली. चंचीत सुपारी, कात, चुना, लवंगा, आणि गाडीची दुसरी चावी. पोरगं परगावी राहतं, चावी कुठे हरवायला नको म्हणून त्यांनी ती कोणाला न सांगता कमरेला ठेवली होती. पुढे वाकल्या की चंची दबायची, चावीचं बटण दबायचं. देवऋषी तोवर फाटकात आला होता. आण्णांनी त्याला पान दिलं आणि परत पाठवलं. कोंबडा वाचला, याचा जैन माणसाला झालेला आनंद ते गोष्टीच्या शेवटी न चुकता सांगत.

एकदाच मी त्यांना न हसता बोलताना ऐकलं. माझ्या भाचीला पाचगणीच्या शाळेत सोडायला आम्ही चाललो होतो, आणि आण्णा गाडीच्या दिव्यांची काहीतरी तक्रार बघायला बरोबर होते. पसरणीच्या घाटात एका वळणावर त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला सांगितली. उतरून कठड्याशी उभे राहिले. म्हणाले, तरुणपणी ते याच घाटाच्या पायथ्याशी एका मिस्त्रीकडे काम शिकत होते. एक जीपवाला आला, स्ट्रॉबेरीच्या पेट्या वाहायचा. म्हणाला, दिवे मधीच जात्यात, स्विच खराब हाय, स्विच बदल. यांनी स्विच बदलला. दिवे लागले, जीप गेली. जीप उभी असताना दिवे लागतातच, ते खड्ड्यातनं उसळल्यावर जायचे, ते कोणी बघितलंच नव्हतं. दिवस मावळता मावळता याच वळणावर दिवे गेले. जीप कठड्याला अडली म्हणून माणूस राहिला, पण हात मोडला. "समदी दरी लाल झाली हुती, बाई. मला खाली कुणीतरी सांगितलं, रगात हाय. मी पळत आलो. स्ट्रॉबेऱ्या हुत्या." ते जरा हसले, पण हसू काही टिकलं नाही. "त्यो काय खोटं बोलला न्हवता. त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. बघायचं काम माझं हुतं." पंधरा दिवस ते त्या माणसाला दवाखान्यात डबा पोचवत होते. वही त्याच महिन्यात घेतली.

आता अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते पद्माक्कांना विचारावं. त्यांनी एकदा सांगितलं, मिक्सर शॉक मारतोय. आण्णा आले, मिक्सरला बोट लावलं, हात झटकला, म्हणाले, "व्हय, मारतोय." आणि पुन्हा बोट लावलं. "परत बी मारतोय." पद्माक्का म्हणाल्या, "आवं, एकदा बसला तेवढा बास की!" तर म्हणतात, "एकदा कशानं बी हुतंय. दोनदा झालं की खरं." पोळी करपल्याचा वास येतोय म्हटलं की हे उठून तव्याशी जाणार, नाक लावून बघणार, मग म्हणणार, व्हय. तोवर दुसरी करपलेली. आम्ही हे सगळं त्यांच्यासमोर सांगून पोट धरून हसायचो. ते स्वतःही हसायचे.

तेच हसणं आता मला बोचतं. कारण एका सोमवारी गच्चीवरचे पापड आणायला जिना चढताना त्यांच्या छातीत धरल्यासारखं झालं. खाली येऊन त्यांनी पद्माक्कांना सांगितलंही. लपवलं नाही. त्या म्हणाल्या, चला, डॉक्टरकडं जाऊ. आण्णा म्हणाले, "एकदाच झालंय. परत झालं की जाऊ." आणि मग, पद्माक्का सांगतात, त्यांनी चप्पल घातली आणि ते परत जिना चढले. बघायला. काही झालं नाही. बुधवारी झालं. गुरुवारी दोनदा झालं. हे सगळं वहीत आहे, मी स्वतः वाचलंय. 'बारावी पायरी. डावा हात जड. दोन मिनिटं. पाणी प्यायल्यावर कमी.' 'जेवल्यावर लवकर हुतं. रिकाम्या पोटी चौदाव्या पायरीला.' शुक्रवारी सकाळी ते स्वतः वही काखेत घेऊन सांगलीला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वही वाचली आणि म्हणाले, इतक्या वर्षांत इतकं नीट सांगणारा पेशंट मला भेटला नाही. मग छातीचा काढलेला आलेख बघितला आणि वही मिटून ठेवली. आण्णा म्हणाले, "डॉक्टर, दावा की." डॉक्टरांनी दाखवला. कुठे काय बिघडलंय ते बोट ठेवून सांगितलं. आण्णांनी मान हलवली आणि पद्माक्कांना म्हणाले, "खरं हाय गं." दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

मला राग आला. अजून आहे. सोमवारीच गेले असते तर, असं मी त्या डॉक्टरांना विचारलं, आणि ते चष्मा पुसत बसले. दुसऱ्यांच्या तक्रारी खऱ्या ठरवायला हा माणूस पडवीत दोन-दोन दिवस बसला, ते ठीक. स्वतःच्या छातीला तरी एकदा नुसत्या शब्दावर मानायचं होतं... पण तसं मानलं असतं तर ते भूपालआण्णा नसते, असं सुभेदार म्हणतात. मी त्यांना म्हणते, मग नसते झाले भूपालआण्णा, नुसते जिवंत राहिले असते. यावर सुभेदार उठून गाडी पुसायला जातात.

दिवसकार्य सगळं उरकलं आणि तीनेक आठवड्यांनी पद्माक्कांचा मला फोन आला. "बाई, जरा येऊन जाता का?" मी गेले. दुकानाचं शटर बंदच होतं, ते गेल्यापासून उघडलेलं नव्हतं. पद्माक्कांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, दार लोटलं, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला ते ऐकू येत्यात." मुलगा पुण्याला असतो, त्याला त्यांनी सांगून बघितलं होतं. तो म्हणाला, आई, भास आहे, तू इकडे ये, आपण एका चांगल्या डॉक्टरांना दाखवू. बहिणीला सांगितलं, ती म्हणाली, जीव अडकला असंल, शांत करून घे. सकाळी दुकानातनं आवाज येतो, पद्माक्का म्हणाल्या. टिक टिक, टिक टिक. ते काम करत बसल्यावर यायचा तसा.

खरं सांगते, माझ्याही जिभेवर 'भास' हाच शब्द आला होता. आलेला शब्द मी गिळला आणि विचारलं, "कवा येतो?" त्या म्हणाल्या, सकाळी, अंघोळीच्या वेळेला. "रोज?" रोज. "तेव्हा तुम्ही काय करत असता?" काय करणार? उठते, बंब पेटवते, दुकानाचं मेन बटण दाबते... दुकानात महावीरांची तसबीर आहे, तिच्यापुढचा छोटा दिवा सकाळी लागलेला असावा म्हणून घरातल्या बोळातलं मेन बटण त्या लग्न होऊन आल्यापासून दाबत आल्या होत्या. शटर बंद राहिलं तरी तेवढं त्यांनी चालू ठेवलं होतं. अंघोळ, पूजा आटोपली की बटण बंद. मी म्हटलं, "पद्माक्का, मी आज इथंच राहते. उद्या सकाळी मला ऐकवा."

सकाळी त्यांनी बंब पेटवला, बटण दाबलं, आणि आम्ही दोघी घरातल्या बोळात भिंतीला कान लावून उभ्या राहिलो. टिक टिक, टिक टिक. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी मला हसूही फुटलं, कारण पद्माक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती, आणि चेहऱ्यावर मात्र नुसता आनंद. "येतोय न्हवं? तुमाला बी येतोय न्हवं?" मी म्हटलं, येतोय.

पद्माक्कांना एकटीला उघडायचा धीर झाला नव्हता ते मधलं दार उघडून आम्ही आत गेलो. महावीरांपुढे दिवा लागला होता. आणि खाली टेबलावर एका लाकडी फळीवर दोन पिवळे बल्ब उघडझाप करत होते. मध्ये काडेपेटीएवढी डबी, तिच्यातून आवाज. इंडिकेटरची डबी ती, गाडीतली. तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. आण्णांच्या अक्षरात 'संपत, कुंडल. अर्ध्या तासानं बंद पडतं म्हणतो.' खाली फोन नंबर. मग माझ्या लक्षात आलं. आण्णांनी ती तक्रार बघायला म्हणून फळीवर लावून ठेवली होती आणि शुक्रवारी सांगलीला निघून गेले होते. तेव्हापासून रोज सकाळी पद्माक्का बटण दाबत होत्या, डबी टिकटिकायला लागत होती, आणि पंचवीसेक मिनिटांनी, पूजा आटोपली की त्या बटण बंद करत होत्या. डबीला तिची तक्रार दाखवायला पुरेसा वेळ कधी मिळतच नव्हता.

मी बटणाकडे हात नेला, तर पद्माक्कांनी अडवलं. "असू द्या. बघू तर खरं." त्यांनी आण्णांचं स्टूल ओढून घेतलं, मला खुर्ची दिली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. मी जाऊन शटर वर केलं, उजेड आत आला. बाहेरच्या बोळातून जाणारी दोन-चार माणसं थबकली, दुकान उघडलेलं बघून काही बोलायला आली, आणि पद्माक्कांनी ओठांवर बोट ठेवल्यावर गप उभी राहिली. अर्धा तास झाला. टिक टिक चालूच. चाळीस मिनिटं. मला वाटायला लागलं, हा संपत उगीच काहीतरी सांगून गेला. पद्माक्का हलल्या नाहीत. आणि पन्नासाव्या मिनिटाला, एका टिकनंतर दुसरी आलीच नाही. पिवळे बल्ब लागलेले राहिले ते राहिलेच.

पद्माक्कांनी पदरानं डोळे पुसले, फोन घेतला, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा दाबला.

"संपत का? मी भूपालआण्णांच्या घरनं बोलतीय. तुमचं इंडिकेटर. व्हय, बंद पडतंय. अर्ध्या तासानं न्हाई वं, पन्नास मिन्टानं. मी सोता बसून बघितलं."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. तो म्हणाला, "वहिनी... मला वाटलं, त्या गडबडीत माझं काम राहूनच गेलं असंल."

"न्हाई," पद्माक्का म्हणाल्या. "ते बघतच हुते."

मग त्यांनी फोन ठेवला, फळीचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं आणि शटर उघडंच ठेवून चहा टाकायला आत गेल्या.